चित्राखालची ओळ

शिवाजी महाराजांचं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं एक चित्र फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाच्या ग्रंथात आहे. पूर्वेकडच्या देशांची माहिती देणारा ‘आउड एन न्यू ऑस्ट-इंडियन’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ 1724 ते 1726 या काळात पाच भागांत, आठ खंडांत निघाला. असं एखादं कोरीव चित्र आज संगणकातल्या वर्णन करणाऱ्या प्रणालीपुढे ठेवलं, तर काही क्षणांत मजकूर हजर होतो. दाढी राखलेला पुरुष, डोक्याला पागोटं, अंगात जामा, जुन्या वळणाचं कृष्णधवल चित्र. आणखी खोदून विचारलं की नाव येतं, नावामागून राज्याभिषेक येतो, रायगड येतो, चेहऱ्यावर ‘करारी भाव’ येतात. वाक्यं सफाईदार असतात. त्यातलं चित्रात दिसलेलं किती आणि दुसरीकडून उचललेलं किती, हे मात्र वाचणाऱ्याला कळत नाही.

चित्राखालची ओळ कुणी लिहिली आणि कशावरून लिहिली, हा प्रश्न यंत्रं येण्याच्या फार आधीपासूनचा आहे. महाराष्ट्रात तो एकदा मोठ्या चिकाटीने सोडवला गेला, आणि सोडवणारा माणूस आमच्याच जिल्ह्यातला होता. म्हणून हा मागोवा.

मी राहतो ते ओवे खारघरच्या डोंगराकडचं, तळोज्याच्या बाजूचं. 2011 च्या जनगणनेत त्याची गणना स्वतंत्र नगर म्हणून झाली आणि 2016 मध्ये ते पनवेल महानगरपालिकेत गेलं. जिल्हा रायगड, 1981 पर्यंत त्याचं नाव कुलाबा होतं. इथे शाळेत, सरकारी कार्यालयात, मंडळाच्या मांडवात, दुकानाच्या गल्ल्यामागे महाराजांचं चित्र असतंच. कुठे कोल्हापूरच्या जी. कांबळे यांच्या शासनमान्य चित्राची प्रत, कुठे कॅलेंडरवरचं, कुठे मोबाइलवरून उतरवून छापून घेतलेलं. या चित्रांखाली नाव लिहिण्याची गरज कुणाला पडत नाही. गरज पडते ती जुन्या चित्रांना, कारण जुनं चित्र स्वतःहून नाव सांगत नाही.

माणसाच्या रूपाचं वर्णन शब्दांत करायची आपल्याकडची पद्धत मुळात चित्रांसाठी नव्हतीच. ती ओळख पटवण्यासाठी होती. मुघल फौजेत शिपाई भरती करताना त्याचा ‘चेहरा’ लिहून घेत: नाव, बापाचं नाव, जात-जमात, गाव, मग रंग, कपाळ, भुवया, तीळ, व्रण. घोड्याला डाग देत आणि माणसाचा चेहरा कागदावर नोंदत. एकाच्या जागी दुसरा उभा करून कुणी पगार लाटू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे अशा नोंदीत ‘तेजस्वी’, ‘करारी’ यांसारख्या शब्दांना जागा नव्हती. उद्या हजेरीला उभ्या राहिलेल्या माणसाशी ताडून पाहता येईल, तेवढंच लिहायचं.

महाराजांच्या रूपाबद्दलचा एक जुना मजकूर असाच काळजीपूर्वक लिहिलेला आहे. जानेवारी 1664 मध्ये सुरतेवरची स्वारी झाली. त्यानंतर लगेच तिथल्या इंग्रज वखारीतला धर्मोपदेशक एस्कॅलियट याने इंग्लंडात सर टॉमस ब्राउन यांना पत्र लिहिलं. बांधा मध्यम पण रेखीव, हालचालीत चपळ, बोलताना हसल्यासारखा भास, नजर वेधक, वर्ण आपल्या माणसांपेक्षा उजळ, असं त्यात सांगितलं आहे. एस्कॅलियटने महाराजांना पाहिलं नव्हतं. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज त्या दिवसांत महाराजांच्या तळावर पकडून नेला गेला होता आणि परत आला होता. पाहणाऱ्यांनी सांगितलं ते लिहितो, असं एस्कॅलियट पत्रातच म्हणतो. या एका कबुलीमुळे साडेतीनशे वर्षांनंतरही ते वर्णन उपयोगाचं राहिलं आहे. त्याचं वजन किती धरायचं हे आपल्याला ठरवता येतं.

चित्रांची वाट मात्र सुरतेहून नाही, गोवळकोंड्याहून निघते. 1677 च्या सुरुवातीला, कर्नाटकच्या मोहिमेवर जाताना, महाराज भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याच्या भेटीला गेले आणि तिथे काही आठवडे राहिले. त्याच काळात गोवळकोंड्यात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी राजे-सरदारांच्या चित्रांचे संच बनत. डच, फ्रेंच, इटालियन माणसं ते विकत घेऊन मायदेशी नेत. ॲमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्याकडे असा एक संच होता, सुमारे 1686 सालचा, 49 चित्रांचा. आज तो तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराज आहेत. ब्रिटिश म्युझियममध्येही त्याच वळणाचं चित्र आहे. व्हेनिसच्या निकोलाओ मनुचीने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून करवून घेतलेला संच पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराज घोड्यावर आहेत. मनुचीने त्यांना 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत पाहिलं होतं.

संच बनवायचे म्हणजे प्रत्येक वेळी माणूस समोर बसवून चित्र काढणं शक्य नव्हतं. एकदा साधलेल्या चेहऱ्याचा चरबा घेत. पातळ, पारदर्शक कातडीवर रेषा उतरवायच्या, रेषांवर बारीक छिद्रं पाडायची, खाली कागद ठेवून वरून कोळशाची पूड झाडायची. कागदावर ठिपक्यांचा चेहरा उमटला की त्यावर पुन्हा रेषा आणि रंग. म्हणून या चित्रांत नाक, दाढीची टोकदार ठेवण, चेहऱ्याचा कोन सारखा येतो; कपडे, शस्त्रं, मागचा रंग बदलतो. इतिहासाच्या दृष्टीने चेहऱ्याचं वजन निराळं आणि जाम्याच्या रंगाचं निराळं, ते यामुळेच. नाव बहुधा शेवटी, दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताने, दुसऱ्याच भाषेत लिहिलं जाई. पान अल्बममधून निघालं, कडा कापल्या गेल्या की नावही गेलं.

मग चित्र युरोपात कोरणाऱ्याच्या टेबलावर आलं. हा टप्पा बारकाईने पाहण्यासारखा आहे. तांब्याचा घासून गुळगुळीत केलेला पत्रा, हातात पोलादी कोरणी. कोरणी पुढे ढकलायची. वळणदार रेष हवी तर पत्रा फिरवायचा. जिथे गडद छटा हवी तिथे रेषांवर तिरप्या रेषांची जाळी, गालावर अगदी विरळ रेषा नाहीतर ठिपके. पत्र्यावर शाई चोपडून पृष्ठभाग पुसून काढला की शाई फक्त खोबणीत उरते. ओलसर कागद ठेवून रुळातून दाबलं की तो खोबणीतली शाई उचलतो. रंग सगळा गेला, उरल्या काळ्या रेषा. शिवाय छाप उलटी येते: पत्र्यावर डावीकडे असलेलं कागदावर उजवीकडे. कोरणाऱ्याने मूळ चित्र आरशात पाहून कोरलं नसेल, तर उजव्या हातातलं शस्त्र छपाईत डाव्या हातात जातं आणि चेहऱ्याचा रोख फिरतो. खालची अक्षरं मात्र त्याला उलटी कोरावीच लागतात, नाहीतर ती वाचता येणार नाहीत. म्हणजे कोरीव चित्रातली अक्षरं सरळ असतात म्हणून चित्रही सरळ आहे, असं धरता येत नाही. ‘डाव्या हातात तलवार’ असं वर्णन अशा चित्रावरून केलं तर ते कागदाचं वर्णन झालं, माणसाचं नव्हे.

व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं चित्र या मार्गाने आलेल्या घराण्यातलं आहे. त्याने महाराजांना पाहिलेलं असणं शक्य नाही. त्याचा जन्म 1666 चा. तो पहिल्यांदा पूर्वेकडे निघाला 1685 मध्ये, महाराजांच्या निधनानंतर पाच वर्षांनी. तरी त्याच्या चित्राला मोल आहे, कारण मागे गोवळकोंड्याची परंपरा उभी आहे. माहिती सांगणारा प्रत्यक्षदर्शी नसला तरी त्याचा धागा प्रत्यक्षदर्शीपर्यंत नेता आला पाहिजे.

कोरीवकाम मराठी मुलखातही पोहोचलं होतं. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात गंगाराम तांबट चित्रकलेत तयार झाला. 1805 मध्ये मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली. पण महाराजांच्या चित्राचा शोध या कलेतून लागायचा नव्हता. तो लागला कागदपत्रांतून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराज म्हणून एक चित्र महाराष्ट्रात वापरात होतं. ते होतं इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं. पागोटं आहे, दाढी आहे, दख्खनी पोशाख आहे, खाली नाव आहे. एवढ्यावर लोकांनी ते स्वीकारलं होतं. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी ते स्वीकारलं नाही. बेंद्रे मूळचे पेणचे. आमच्या पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालं की लागणारं पेण. त्यांनी युरोपीय साधनांचा माग काढला, चित्र कुठून आलं, कुणाकडे होतं, कोणत्या मजकुराबरोबर होतं हे तपासलं, आणि 1933 मध्ये महाराजांचं चित्र पुराव्यासह लोकांपुढे ठेवलं. लहानपणापासून पाहिलेला चेहरा ‘हा तो नव्हे’ म्हणून सांगणं सोपं नसतं. श्रद्धेच्या जागी बोट ठेवण्यासारखं ते आहे. ते बेंद्र्यांना जमलं, कारण त्यांच्याकडे नुसता नकार नव्हता. नकाराच्या जोडीला कागद होता. त्याआधी 1928 मध्ये त्यांचं ‘साधन-चिकित्सा’ प्रसिद्ध झालं होतं. कोणतं साधन कितपत विश्वासाचं, हाच त्या पुस्तकाचा विषय. पुढे संभाजी महाराजांवर चिकटलेलं बदनामीचं वर्णनही त्यांनी याच रीतीने, वर्षानुवर्षं कागद तपासून, 1960 च्या चरित्रात खोडून काढलं. माझ्या मते चित्राखालची ओळ कशी लिहावी याचा मराठीतला सर्वांत मोठा धडा बेंद्र्यांनी घालून दिला आहे, आणि कलेच्या अभ्यासक्रमांत त्याला त्याची जागा अजून मिळालेली नाही.

तिकडे इंग्लंडात कोरीव चित्रांच्या वर्णनाची एक शिस्त तयार झाली होती. जेम्स ग्रेंजर याने 1769 मध्ये इंग्लंडातल्या कोरीव व्यक्तिचित्रांच्या याद्या चरित्रांसह छापल्या, आणि ब्रिटिश म्युझियमने 1908 ते 1925 या काळात अशा चित्रांची सहा खंडांची सूची काढली. सूचीतली भाषा कोरडी: अर्धा देह, चेहरा डावीकडे, लंबगोल चौकटीत, मूळ चित्र कुणाचं, कोरलं कुणी, कोणत्या पुस्तकात. विशेषणं जवळजवळ नाहीत. फौजेतल्या ‘चेहऱ्या’शी या भाषेचं नातं आहे, कारण हेतू तोच: हीच छाप आहे ना, हे ताडून पाहता यावं. आपल्याकडे संग्रहालयांच्या वस्तूंची नोंद संगणकावर नेण्यासाठी सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या पुण्याच्या केंद्राने ‘जतन’ ही प्रणाली बनवली. देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू तिच्यामुळे घरबसल्या पाहता येतात.

आता यंत्राकडे. त्याच्या वर्णनाचा उगम मला सर्वांत चकित करून गेला. 1993 मध्ये इंटरनेटच्या पानांवर चित्रं टाकायची सोय झाली, तेव्हा चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी वाचता यावा म्हणून आडमजकूर जोडायची तजवीजही सुचवली गेली. पुढे तो अंध वाचकांचा आधार झाला. त्यांच्या संगणकातला वाचक पडद्यावरची अक्षरं मोठ्याने म्हणतो, आणि चित्र आलं की हा आडमजकूर म्हणतो. 1999 मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय नियम झाले, 2009 मध्ये भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. तरी असंख्य चित्रांना आडमजकूर नसतोच. ती उणीव यंत्राने भरून काढावी, या गरजेने संशोधनाला मोठं बळ दिलं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातून चित्राचं साधं वर्णन आपोआप करणारी एक प्रणाली पुढे आली. तिच्या निबंधावर पहिलं नाव आहे गिरीश कुलकर्णी यांचं. 2016 मध्ये फेसबुकने अंध वापरकर्त्यांसाठी चित्रांची आपोआप वर्णनं सुरू केली.

यंत्र शिकलं ते माणसांनी लिहिलेल्या ओळींवर. 2014 साली मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने तयार झालेला ‘कोको’ हा चित्रसंच वर्षानुवर्षं या विषयाचा पाया होता. प्रत्येक चित्राला पैसे देऊन लिहून घेतलेली पाच वर्णनं, आणि ओळखायच्या वस्तूंचे 80 प्रकार. त्या 80 मध्ये नेकटाय आहे, बेसबॉलची बॅट आहे, स्वयंपाकघरातली सुरी आहे. तलवार नाही, पागोटं नाही. मग मोठ्या संचांचा काळ आला. 2022 मधला ‘लायन’ हा संच जवळपास 585 कोटी चित्र-मजकूर जोड्यांचा, आणि त्यातला मजकूर म्हणजे इंटरनेटच्या पानांवरून वेचलेला हाच आडमजकूर. अंधांसाठी लिहिलेल्या ओळी यंत्राचं खाद्य झाल्या आणि यंत्र आता अंधांसाठी ओळी लिहितं. त्या ओळींत चुकीच्या नावाची ओळ असेल, तर तीही पुढे जाते. इब्राहिमखानाचं चित्र महाराजांच्या नावाने हजार पानांवर असतं, तर आजच्या यंत्रानेही ते महाराजांचंच म्हणून सांगितलं असतं. बहुमत हाच त्याचा पुरावा.

कोरीव चित्रापुढे त्याची आणखी एक अडचण होते. 2020 नंतर रूढ झालेल्या एका पद्धतीत चित्र 224 बाय 224 ठिपक्यांएवढं लहान करून त्याचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडतात, एकूण 196. कोरणाऱ्याने तासन्तास घातलेली तिरप्या रेषांची जाळी या आकुंचनात करडी धूळ होते. कमरेच्या कट्यारीची मूठ एखाद्या चौकोनात सामावते. नव्या प्रणाल्या अधिक बारीक पाहतात हे खरं, पण पाहिलेल्यापेक्षा वाचलेल्यावर त्यांचा भार अजून जास्त आहे. पट्टा, धोप आणि साधी तलवार यांतला फरक मराठी मुलाला शिवजयंतीच्या मिरवणुकीत कळतो. यंत्राच्या वर्णनात बहुधा सगळ्याची तलवार होते. आणि महाराज हे नाव एकदा आलं की नंतरच्या चित्रांतला जिरेटोप, सिंहासन, गड, असं न दिसलेलं बरंच काही वर्णनात शिरतं.

डोळस माणूस चित्र पाहून म्हणेल, इथे गड कुठे आहे? अंध विद्यार्थ्याला ते म्हणता येत नाही. संगणकाने मराठीत वाचून दाखवलेलं वर्णन हेच त्याच्यापुरतं चित्र. माझा जीव अडकतो तो इथे. त्याच्यापुढे सफाईदार पण बिनपुराव्याचं वाक्य टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. यंत्राला हाकलून द्या, असं मी म्हणणार नाही. लाखो जुनी चित्रं आडमजकुराविना पडली आहेत आणि ती लिहायला माणसं पुरणार नाहीत. पहिला खर्डा यंत्राने जरूर करावा. पण खर्डा म्हणजे निकाल नव्हे.

आमच्या ओव्याजवळ, खारघर स्टेशनसमोर, सी-डॅकचं एक केंद्र आहे. संगणकात भारतीय भाषा आणण्याच्या कामात या संस्थेचा वाटा मोठा आहे. तिथल्या लोकांना, संग्रहालयांना, पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना आणि शिवजयंतीला चित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्या आपल्या मंडळांना माझी विनंती आहे. जुन्या चित्राचं वर्णन देताना आधी फक्त दिसतं ते लिहा. मग नाव लिहा, आणि नाव कशावरून ठरवलं तेही लिहा. चित्र कुणी काढलं, कुणी कोरलं, कोणत्या ग्रंथात कोणत्या वर्षी आलं, मूळ आज कुठे आहे, हे लिहा. छाप उलटी असण्याचा संभव असेल तर तसं सांगा. मजकूर यंत्राने केला असेल तर तेही सांगा, आणि तो तपासणाऱ्या माणसाने खाली आपलं नाव घालावं.